सल्ला हवा: बर्फात, डोंगरमाथ्यावर, एकटीने तंबू (स्कॉटलंड, केर्नगॉर्म पर्वतरांग)

अजिंक्यतारा | ९ जानेवारी, रात्री १०:१४

नमस्कार मंडळी. माहेर सातारा, तीन वर्षांपासून मुक्काम एडिंबरा. कॉलेजपासून सह्याद्रीत भटकलेय. रतनगड आणि हरिश्चंद्रगडावर एकटीने राहिलेय. इथे उन्हाळ्यात सात-आठदा तंबू टाकून झालाय. आता डोक्यात किडा शिरलाय तो बर्फातल्या मुक्कामाचा: फेब्रुवारीत बेन मॅकडुईच्या माथ्यावर एक रात्र. उंची १३०९ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा कमीच.

जवळ काय आहे: तीन सीझनचा, म्हणजे हिवाळा सोडून वापरायचा तंबू (आतला कप्पा जाळीचा), "-५" लिहिलेली स्लीपिंग बॅग, फुगवायची मॅट, साधा गॅस, बुटांना लावायचे मायक्रोस्पाइक. खर्च करायची तयारी ३०० पौंडांपर्यंत.

प्रश्न: आधी तंबू बदलू की बॅग? कॉरी कासच्या पार्किंगपासून चढले तर चालेल का? आणखी काय लागेल?

एक विनंती. "एकटी जाऊ नकोस" हे आईकडून रोज व्हॉट्सअ‍ॅपवर येतंच. ते सोडून काहीही सांगा.

---

निवांत | ९ जानेवारी, रात्री १०:३१

ते सोडून? मग माझा प्रतिसाद संपला. (धागा मात्र वाचतोय.)

---

दगडफूल | १० जानेवारी, सकाळी ७:५०

मी इन्व्हरनेसला असतो, इथला हा अकरावा हिवाळा. दोनदा बेन मॅकडुईवर राहिलोय, आणि चारदा राहायला जाऊन परत आलोय. हा हिशेब आधीच सांगून ठेवतो.

कळसूबाईशी तुलना करू नका. उंची कमी असली तरी हे ५७ अक्षांशावर आहे आणि अटलांटिकचा वारा थेट अंगावर येतो. शेजारच्या केर्न गॉर्मच्या माथ्यावर हवामान यंत्र आहे. २० मार्च १९८६ ला तिथे ताशी १७३ मैलांचा झोत नोंदला गेला. रोज असं नसतं, पण ताशी ४० मैलांतही सॅक घेऊन सरळ चालता येत नाही, आणि हिवाळ्यात ४० म्हणजे तिथे किरकोळ.

दुसरं, तिथे टोकदार शिखर नाहीच. आहे ते अफाट पठार. ढग खाली आले की बर्फही पांढरा आणि आभाळही पांढरं, पायाखालची जमीन वर जातेय की खाली तेही कळत नाही. आपल्याकडे धुक्यात निदान दगड आणि कारवी दिसते, इथे स्वतःचे बूट तेवढे दिसतात. पठाराच्या उत्तर-पूर्व कडांवर वाऱ्याने बर्फाचे छज्जे तयार होतात, खाली आधार नसलेले. वरून चालणाऱ्याला ती जमीनच वाटते. नोव्हेंबर १९७१ मध्ये एडिंबरातल्याच एका शाळेचा गट याच पठारावर वादळात अडकला. दोन रात्री उघड्यावर. पाच मुलं आणि एक मदतनीस, असे सहा जण गेले. ते निघाले होते आडोशाच्या झोपडीकडे, ती त्यांना सापडलीच नाही.

भीती घालण्यासाठी हे सांगत नाहीये. तुमच्या यादीत नकाशा-कंपास नाही, म्हणून सांगतोय. फोनमधला नकाशा चालेल असं म्हणाल, तर थंडीत ६० टक्के बॅटरी बघता बघता शून्यावर येते आणि हातमोजे घालून स्क्रीन चालत नाही.

आता तुमचे प्रश्न. तंबू नको, बॅग नको, आधी मॅट. थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते. फुगवायच्या मॅटखाली बंद पेशींच्या फोमची साधी मॅट टाका, दोन्हींचं आर मूल्य (थंडी अडवायची क्षमता) बेरजेने वाढतं. एकूण ५ च्या वर हवं. हे १५-२० पौंडांत होतं, आणि फुगवायची मॅट रात्री फुटली तर जीव फोमवर निभावतो.

मायक्रोस्पाइक सपाट वाटेवर ठीक. कडक बर्फाच्या उतारावर क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे लांब धातूचे दात) आणि आइस अ‍ॅक्स (बर्फाची कुऱ्हाड), आणि ती वापरता यायला हवी. घसरल्यावर अ‍ॅक्स छातीखाली दाबून थांबणं पुस्तक वाचून येत नाही, पन्नासदा घसरून येतं. ग्लेनमोर लॉज या इथल्या प्रशिक्षण केंद्रात हिवाळी कौशल्यांचे कोर्स असतात. तुमचं उरलेलं बजेट तिथे घाला, अ‍ॅक्स आणि क्रॅम्पॉन भाड्याने आणा.

पहिल्या रात्रीसाठी बेन मॅकडुई नकोच. म्याल अ वूआखिल करा, ग्लेनमोरच्या डोक्यावर, ८१० मीटर. नावाचा अर्थ गुराख्याचा डोंगर. माथ्यावर दगडांचा मोठा आडोसा आहे आणि पलीकडच्या पायथ्याला रायव्होन बॉथी, म्हणजे कुलूप नसलेली दगडी झोपडी. बिनसलं तर अंधारातही तासाभरात चार भिंतींत पोचता.

---

कोकणकडा | १० जानेवारी, दुपारी १२:०५

पुण्याहून. मी स्कॉटलंड पाहिलेलं नाही, पण उत्तरकाशीला 'निम'चा (नेहरू गिर्यारोहण संस्थेचा) बेसिक कोर्स केलाय, त्यामुळे बर्फातल्या तंबूबद्दल दोन शब्द.

बर्फावर पोचल्या पोचल्या तंबू उघडायचा नाही. आधी तंबूपेक्षा हातभर मोठी जागा बुटांनी तुडवायची, मग वीस-पंचवीस मिनिटं सोडून द्यायची. दाबलेला बर्फ आपोआप जुळून कडक होतो. घाई केली की रात्री अंगाच्या ऊबेने कमरेखाली खड्डा पडतो आणि सकाळी मणका बोलायला लागतो. आमच्या कोर्सला एकाने घाई केली होती. तो एक मीच.

साध्या खुंट्या बर्फात उभ्या ठोकून उपयोग नाही, लोण्यातून सुरी निघावी तशा निघतात. दोरी खुंटीच्या मध्यावर बांधायची, खुंटी आडवी पुरायची, वर बर्फ दाबायचा. खुंट्या कमी पडल्या तर पिशवीत बर्फ भरून ती पुरा. पोर्चमध्ये गुडघाभर खड्डा खणा, बसून बूट घालता येतात आणि थंड हवा तिथे उतरते.

बॅगेवरचा आकडा नीट बघा ताई. "कम्फर्ट" आणि "लिमिट" असे दोन असतात. युरोपीय पद्धतीत कम्फर्ट हा सर्वसाधारण बाईच्या हिशेबाने असतो आणि लिमिट पुरुषाच्या. तुमचं -५ लिमिट असेल तर तुमच्यासाठी ती शून्याच्या आसपासचीच बॅग.

---

अजिंक्यतारा | १० जानेवारी, रात्री ९:२०

कोकणकडा, बघितलं. लिमिटच आहे. कम्फर्ट ०. 😐

दगडफूल, मॅकडुई सोडायला मन तयार नव्हतं, पण "चारदा परत आलोय" वाचून जरा जमिनीवर आले. तंबू टाकायला परवानगी लागते का?

---

दगडफूल | १० जानेवारी, रात्री १०:०२

नाही. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने जबाबदारीने फिरायचा आणि तंबू टाकायचा हक्क आहे. (इंग्लंडात तसं नाही, डार्टमूरचा काही भाग सोडला तर.) दोन-तीन रात्रींपेक्षा जास्त एका जागी राहायचं नाही आणि मागे काही ठेवायचं नाही. "काही"मध्ये सकाळचा कार्यक्रमही आला. बर्फात पुरलेलं एप्रिलमध्ये सगळ्यांना दिसतं. दुहेरी पिशवीत परत आणायचं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी दोन गोष्टी वाचा: डोंगरांचा हवामान अंदाज (एमडब्ल्यूआयएस) आणि हिमस्खलनाचा अंदाज (एसएआयएस). एसएआयएसचे सहा विभाग आहेत, तुमचा उत्तर केर्नगॉर्म. त्यातल्या वर्तुळावर कुठल्या दिशेच्या उतारावर, किती उंचीच्या वर धोका आहे ते रंगाने दाखवलेलं असतं. ३० ते ४५ अंशांचे उतार मुख्य संशयित. तंबू अशा उताराच्या खालीही नको, हे लोक विसरतात.

माथ्यावर १५-२० मैलांपेक्षा जास्त वारा लिहिलेला असेल तर पहिल्यांदा एकटीने जायचं नाही. तापमानाचा हिशेब सोपा आहे: अ‍ॅव्हिमोरला (पायथ्याकडचं गाव) शून्य असेल तर केर्न गॉर्मवर साधारण उणे सहा-सात, वर वारा वेगळा.

---

पोटोबा | ११ जानेवारी, सकाळी ८:४४

कोणी जेवणाचं बोलेना म्हणून आलो.

गॅसचा डबा बघून घ्या. साधा ब्यूटेन शून्याच्या जरा खाली आला की वायू व्हायचंच नाकारतो. आयसोब्यूटेन उणे १२ पर्यंत आणि प्रोपेन उणे ४२ पर्यंत उकळतो. "विंटर" मिश्रणात हे दोन असतात. डबा रात्री बॅगेत कुशीत घ्यायचा, पेटवताना फोमच्या तुकड्यावर ठेवायचा, थेट बर्फावर नाही. आणि शेगडी बंद तंबूत कधीही नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बर्फ वितळवताना भांड्याच्या तळाशी आधी घोटभर पाणी घाला. नुसता कोरडा बर्फ टाकला की तळ करपल्यासारखा वास पाण्याला लागतो. ताज्या भुसभुशीत बर्फाचं भांडं भरून कपभर पाणी निघतं, त्यामुळे गॅस अंदाजापेक्षा दुप्पट न्या.

खायला: मेतकूट-भाताचं घरगुती पाकीट, वर तूप. झोपण्याआधी तुपाचा गूळ-लाडू, कारण पोटात काही जळत असेल तरच पाय गरम राहतात. संक्रांत तोंडावर आहे, गूळपोळ्या न्या. आतल्या खिशात ठेवा मात्र. बाहेरच्या खिशातली गूळपोळी उणे पाचला कौल होते.

---

रानजाई | ११ जानेवारी, सकाळी ११:१५

बायकांच्या बाजूने एक, कारण पुरुष मंडळी हे लिहिणार नाहीत. रात्री लघवीला बाहेर पडायचं टाळण्यासाठी पाणी कमी प्यायचं, ही आपली जुनी खोड. बर्फात ती महागात पडते, शरीर सुकलं की हातपाय आधी गार पडतात. रुंद तोंडाची वेगळी बाटली आणि फनेल ठेवा, घरी बाथरूममध्ये सराव करा. बाटलीवर चिकटपट्टी गुंडाळा म्हणजे अंधारात हाताला कळेल कुठली कुठली. हसू नका.

आणि आईला "जाऊ नकोस" म्हणू द्या, पण एका माणसाला कागदावर द्या: कुठून जाणार, कुठे झोपणार, किती वाजता फोन आला नाही तर काय करायचं. ९९९, पोलीस, मग माउंटन रेस्क्यू. ते स्वयंसेवक असतात आणि पैसे घेत नाहीत. फोनला रेंज अगदी कमी असेल तर ९९९ ला मेसेजही करता येतो, पण आधी नोंदणी लागते. इंग्रजीत "रजिस्टर" लिहून ९९९ वर पाठवायचं. आजच करा.

---

निवांत | ११ जानेवारी, दुपारी १:३०

बेन मॅकडुईवर भूत आहे म्हणे? राखाडी माणूस?

---

दगडफूल | ११ जानेवारी, दुपारी २:१८

आहे ना. नॉर्मन कॉली नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक १८९१ मध्ये तिथून एकटे उतरताना मागून पावलं ऐकू आली म्हणून चार-पाच मैल पळत सुटले. सांगितलं मात्र १९२५ मध्ये. मधल्या काळात, १८९५ ला, तेच गृहस्थ नंगा पर्वतावर जाऊन आले, म्हणजे भित्रे नव्हते.

राखाडी आकृती दिसण्याचं एक कारण आपल्या ओळखीचं आहे: इंद्रवज्र. पाठीशी सूर्य, समोर धुकं, आणि त्यावर आपलीच सावली गोल इंद्रधनुष्यात. कर्नल साइक्सने हरिश्चंद्रगडावर पाहिलं तेच. पावलांचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. रात्री तंबूचं कापड फडफडतं तेव्हा मलाही ऐकू येतात.

---

अजिंक्यतारा | ११ जानेवारी, रात्री ८:४०

छान. आता झोप लागलीच म्हणायची.

---

अजिंक्यतारा | ३ फेब्रुवारी, रात्री ९:०५

वृत्तांत देते. मध्ये दोन दिवसांचा कोर्स केला, अ‍ॅक्स घेऊन इतक्यांदा घसरले की कोपर अजून निळं आहे. फोमची मॅट घेतली. बॅग नवी न घेता मैत्रिणीची रजई-बॅग आत घातली. तंबू तोच.

शनिवारी गुराख्याचा डोंगर. अंदाज १५ मैलांचा होता. तीनला वर पोचले, जागा तुडवली, थांबले, खुंट्या आडव्या पुरल्या. साडेचारला अंधारलं. मेतकूट-भात झाला, तोवर सगळं स्वप्नासारखं. खाली ग्लेनमोरचे दिवे आणि वर एवढे तारे की हेडटॉर्च लावावासा वाटेना.

एक गोष्ट कोणी सांगितली नाही: रात्र सोळा तासांची असते. सहाला बॅगेत शिरले, तास दोन तास झाले असं वाटून घड्याळ बघितलं तर सहा चाळीस.

नऊच्या सुमारास वारा फिरला. बाहेरच्या कापडाखालून बर्फाचा भुगा आत यायला लागला, बारीक रव्यासारखा, आणि जाळीतून थेट तोंडावर. दहापर्यंत बॅगेवर पांढरा थर. तो झटकला की अंगाच्या ऊबेने वितळायचा. अजून थंडी वाजत नव्हती, पण बॅग भिजली की पुढचे दहा तास काय, हा हिशेब केला आणि सामान आवरलं. हातमोजे घालून तंबू उतरवायला पन्नास मिनिटं लागली. कंपासवर दिशा लावून उतरले, बारा दहाला बॉथीत.

आत एक म्हातारे गृहस्थ झोपलेले. उठले, न विचारता चहा टाकला, "विंडी?" एवढंच म्हणाले आणि परत झोपले. मी त्यांना गूळपोळी दिली. सकाळी बघितलं तर त्यांनी ती कशात तरी बुडवून संपवली होती.

---

रानजाई | ३ फेब्रुवारी, रात्री ९:२२

शाब्बास गं. आईला काय सांगितलंस?

---

अजिंक्यतारा | ३ फेब्रुवारी, रात्री ९:२५

झोपडीत राहिले म्हणून. खोटं नाहीये.

---

दगडफूल | ३ फेब्रुवारी, रात्री १०:१०

सोळा तासांचं लिहायचं राहिलं, माझी चूक. मी जाडजूड पुस्तक नेतो.

वेळेवर निघालात, बॅग कोरडी असताना. आता तंबू बदला. आतला कप्पा जाळीचा नाही, कापडाचा हवा आणि बाहेरचं कापड जमिनीपर्यंत यायला हवं. जुना वापरलेला मिळतो, नवा घेऊ नका. आणि पन्नास मिनिटं फार झाली. घराच्या अंगणात, रात्री, जाड हातमोजे घालून लावा-काढा. वीसवर आल्याशिवाय मॅकडुईचं नाव काढू नका. मार्चमध्ये दिवस मोठा होतो आणि बर्फ टिकून असतो, तेव्हा बघू. हवं तर मी पार्किंगपर्यंत येईन, वर तुमच्या तुम्ही.

---

अजिंक्यतारा | ३ फेब्रुवारी, रात्री १०:३३

नक्की. एकच शंका: तंबूची चेन गोठून बसली होती, फुंकर मारून सोडवली तर पाच मिनिटांत आणखी घट्ट. तिथेच दहा मिनिटं गेली.

---

दगडफूल | ३ फेब्रुवारी, रात्री १०:४१

फुंकरेतली वाफच गोठते. चेन हातमोज्यातल्या मुठीत धरून ठेवायची, आणि निघण्याआधी घरी दातांवरून मेणबत्ती फिरवायची. देव्हाऱ्यातली चालते.