गॅरेजमधून आलेली गाडी ‘आपली’ वाटली नाही, असं झालंय का कुणाला?

काल थ्रॉटल बॉडी (इंजिनात किती हवा जाते ते ठरवणारी झडप) साफ करून गाडी आणली. नेली कशाला होती, तर सिग्नलला बंद पडायची. आता बंद पडत नाही, पण उभी असतानाही आरपीएमचा काटा १५०० वर, आणि ऑटोमॅटिक असल्यामुळे दावणीला हिसके देणाऱ्या बैलासारखी पुढे पुढे करते. ब्रेक दाबून दाबून पोटरीत गोळा आला.

त्यावरून बाबा आठवले. जुनी गाडी, क्लच प्लेट घासून घासून इतकी गेलेली की पेडल अगदी वर आल्यावर गाडी हलायची. बाबांच्या पायाला तीच सवय. नवीन प्लेट टाकून आणली, तर पेडल जरा उचललं की लगेच पकडायची. घराच्या गेटात पाच वेळा बंद पडली. वीस वर्षं गाडी चालवणारा माणूस, मागे दोन गाड्या खोळंबलेल्या, एक जण हॉर्न मारतोय. बाबा शांतपणे उतरले, डावं दार उघडून मी लहानपणी डॅशबोर्डवर खिळ्याने काढलेलं घर बघितलं, आणि म्हणाले, “गाडी आपलीच आहे.” मग परत बसले आणि सहाव्यांदा बंद पाडली.

तुमचे लिहा.

पाचवा गिअर
गेटातलं वाचून मोठ्याने हसलो, ऑफिसमध्ये आहे. माझा किस्सा रात्री टंकतो, मोठा आहे.

निवांत कासव
आमची ओव्हरहीट व्हायची म्हणून एकाने थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप) काढूनच टाकला, म्हणे आता आयुष्यात तापणार नाही. खरंच नाही तापली. तापमानाचा काटा तळातून वरच येईना. आणि १७ देणारी गाडी १३ वर आली, हीटर लावला तर गार वारा. नंतर कळलं की इंजिन गरमच होत नाही म्हणून कॉम्प्युटरला वाटतं गाडी आत्ताच सुरू झालीये, तो आपला जास्तीचं पेट्रोल सोडत बसतो. मूळ दुखणं रेडिएटरचा पंखा होता, तो तसाच.

धनु राशीची
मागचे ब्रेक लायनर बदलले आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी जड, अॅक्सिलरेटर सोडला की जागच्या जागी थांबायची, मी म्हणत होते ब्रेक काय मस्त लागतात आता!! तीन दिवस याच आनंदात. चौथ्या दिवशी डबक्यातून गेले तर मागच्या चाकातून चर्रर्र आवाज आणि वाफ. हॅंडब्रेक इतका घट्ट करून ठेवलेला की लायनर सतत घासत होते. नवऱ्याने विचारलं तीन दिवस वास नाही आला का? आला होता हो, मला वाटलं पुढच्या ट्रकचा आहे

रिकामा डबा
@धनु, ट्रकचा 😂😂

पान्हा नंबर १०
मी पलीकडच्या बाजूचा, म्हणजे तुम्ही ज्यांना शिव्या घालताय त्यांच्यातला. धागाकर्ते, घाबरू नका. कार्बन साचला की हवेची वाट अरुंद होते, मग कॉम्प्युटर थ्रॉटल जरा जास्त उघडा ठेवायला शिकतो. तुम्ही कार्बन काढला, पण तो अजून जुन्या हिशोबानेच उघडतोय. त्याला नवीन हिशोब शिकवावा लागतो, काही गाड्या चालवून आपोआप शिकतात, काहींना स्कॅनर लावावा लागतो. बॅटरीची वायर काढली तरी तसंच, शिकलेलं विसरते, एकदोन दिवस वेड्यासारखी वागते. पण चार दिवसांत खाली आली नाही तर हवेचा पाईप बघा कुठला सुटलाय का. बॉनेट उघडून फुसफुस ऐकू येते का बघा, आणि ब्रेक पेडल दगडासारखं लागलं तर गाडी चालवूच नका.
आणि क्लचचं म्हणाल तर नवीन प्लेट करकचून पकडते, मग जी इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर बसतं ते रबर) इतकी वर्षं गप्प होती ती धडधडायला लागतात. गिऱ्हाईक म्हणतं तुम्हीच बिघडवली. काय सांगणार.

मीच तो
धन्यवाद पान्हा! फुसफुस नाहीये, पेडल पण नेहमीसारखं आहे. बघतो चार दिवस.

निवांत कासव
दादा मग माझ्या थर्मोस्टॅटवाल्याबद्दल काय म्हणणं?

पान्हा नंबर १०
त्याच्याबद्दल काही म्हणणं नाही. तो आमच्यातला नाही 😄

अर्धवट
सर्व्हिसिंग करून आणली आणि पिकअप मेला. चढावर दुसऱ्या गिअरमध्येही कण्हत होती. दहा दिवस पेट्रोल पंपाला शिव्या दिल्या, भेसळ भेसळ म्हणून सगळ्यांना सांगत सुटलो. शेवटी एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत फडकं. पिवळं, तेलकट, नीट चौघडी केलेलं. म्हणजे विसरलं तेही शिस्तीत. धुऊन ठेवलंय, त्यानेच काच पुसतो आता.

सायलेन्सर
माझं उलटं. टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडणारा दातेरी पट्टा) बदलला आणि गाडी पळायलाच लागली, १२ वर्षांत कधी अशी पळाली नव्हती. मेकॅनिक म्हणे आधीचा एक दात चुकवून बसवलेला होता. म्हणजे इतकी वर्षं मी तिला म्हातारी म्हणत होतो आणि ती बिचारी एका दाताने मागे होती. वाईट वाटलं खरंच.

धनु राशीची
@सायलेन्सर आई गं. वाईट वाटलं मलापण.

पहाटवारा
कुणी सांगेल का अॅव्हरेज नीट कसा काढायचा? माझा दर वेळी वेगळा येतो

अर्धवट
टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्य करा, मनसोक्त चालवा, परत फुल करा, किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा भरलेलं पेट्रोल. एकदाच काढून विश्वास ठेवू नका, तीनचार टाक्यांचा बघा. आणि फडकं आहे का बघा.

मीच तो
अपडेट: आज सकाळी काटा ८०० वर! आपोआप. आता सिग्नलला इतकी शांत असते की बंद पडली का म्हणून मीच दचकतो. बाबांना फोन करून सांगितलं. त्यांचं म्हणणं, ते गेटात बंद पडणं पाच वेळा नव्हतं, दोनदाच.

रिकामा डबा
पाचवा गिअर कुठे गेले? रात्री लिहिणार होते ना

पाचवा गिअर
आलो आलो, गाडी गॅरेजमधून आणायला गेलेलो 😐