दहावीच्या गुणपत्रिकेवर टक्केवारी हवी कशाला?

सह्याद्रीपुत्र (धागाकर्ता)

राज्य मंडळाने दहावीच्या गुणपत्रिकेवर टक्केवारी छापणे बंद करून विषयवार श्रेणी द्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. ७५ टक्क्यांना विशेष प्रावीण्य, ६०ला प्रथम श्रेणी, ४५ला द्वितीय श्रेणी आणि ३५ला उत्तीर्ण अशी विभागणी आपल्याकडे आजही आहे. पण तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. बेस्ट ऑफ फाइव्हमुळे, म्हणजे सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरल्यामुळे, टक्केवारी ५०० गुणांवर निघते, म्हणजे एक गुण ०.२० टक्क्याचा होतो, आणि तेवढ्या फरकावर अकरावीचे महाविद्यालय बदलते. मराठीचा निबंध एका परीक्षकाने तपासला तर पाच गुण मिळतात, दुसऱ्याने तपासला तर सहा. ज्या मापात मुळातच एवढी ढील आहे, त्याच्यावर दशांश चिन्हापुढचे दोन आकडे लिहिणे हा अचूकतेचा नुसता आव आहे. ९२.४० मिळालेली मुलगी ९१.८० मिळालेल्या मुलीपेक्षा अधिक हुशार आहे, असे छातीठोकपणे सांगणारा एकही शिक्षक मला आजवर भेटलेला नाही.

गणितवाला

धागाकर्ते जो उपाय सुचवत आहेत, तो या देशात करून झालेला आहे. सीबीएसईने २००९-१०पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाबरोबर दहावीला ए-वन ते ई-टू अशा नऊ श्रेणी आणल्या. ९१ ते १०० गुणांना ए-वन आणि १० श्रेणीगुण, ८१ ते ९०ला ए-टू आणि ९ श्रेणीगुण, असा तो हिशेब होता. स्पर्धा त्यामुळे थांबली का? अजिबात नाही. श्रेणीगुणांच्या सरासरीला ९.५ने गुणून टक्केवारी काढण्याचे सूत्र खुद्द मंडळानेच दिले होते, कारण पुढच्या प्रवेशासाठी सगळे टक्केवारीच विचारत होते. परिणामी प्रत्येक विषयात ९१ मिळवणारा आणि प्रत्येक विषयात ९९ मिळवणारा असे दोघेही कागदावर ९५ टक्क्यांचे धनी झाले. अखेर २०१८च्या परीक्षेपासून सक्तीची बोर्ड परीक्षा आणि गुण दोन्ही परत आले. जिथे जागा मोजक्या आणि अर्जदारांची रीघ आहे, तिथे कोणाला आधी बसवायचे हे ठरवण्यासाठी काहीतरी क्रम लागणारच. तो झाकून ठेवल्याने नाहीसा होत नाही.

लाल पेन

नियामक म्हणून, म्हणजे परीक्षकांनी तपासलेल्या उत्तरपत्रिका पुन्हा पाहणारा म्हणून, काही वर्षे काम केलेले असल्याने लिहितो. परीक्षार्थीची ओळख झाकणारे होलोक्राफ्ट स्टिकर लावलेला उत्तरपत्रिकांचा गठ्ठा नियामकाकडे येतो, तेव्हा परीक्षकाचा हात सैल आहे की घट्ट, हे पहिल्या काही उत्तरपत्रिकांतच कळते. एक परीक्षक आकृतीला नाव दिलेले नाही म्हणून अर्धा गुण कापतो, तर दुसरा आकृती आहे एवढ्यावरच समाधान मानतो. नमुना उत्तरे समोर असली तरी हा फरक पूर्ण पुसला जात नाही. एवढ्यापुरते धागाकर्त्यांचे म्हणणे मला मान्य आहे.

मात्र निकाल खरा फुगतो तो लेखी परीक्षेत नव्हे. २०१८ साली दहावीचा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० गुण काढून घेण्यात आले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. त्याच वर्षी अभ्यासक्रमही नवा होता, हे लक्षात ठेवलेच पाहिजे. त्यानंतर ते २० गुण परत देण्यात आले आणि २०२०चा निकाल ९५.३० टक्के लागला. हे आकडे पाहून टक्केवारी हवी की श्रेणी, हा वाद मला दुय्यम वाटू लागतो. तोंडी परीक्षेच्या तक्त्यावर एका ओळीत १९, २०, १९, २० असे गुण भरलेले असतील, तर त्यांची श्रेणी केली काय आणि टक्के केले काय, खोट तशीच राहते.

माणदेशी

लाल पेन सरांचे शाळेच्या हातातल्या अंतर्गत गुणांबद्दलचे निरीक्षण रास्त आहे, पण त्यातून निघणारा मुद्दा त्यांनी अर्ध्यावर सोडला आहे. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात ज्या मुलाच्या घरी कोणी शिकलेले नाही आणि ज्याची कोठे ओळखपाळख नाही, त्याच्या बाजूने उभा राहणारा एकमेव पुरावा म्हणजे त्याच्या उत्तरपत्रिकेवरचा आकडा. निकालानंतर त्याला गुणपडताळणी करून घेता येते, छायाप्रत मागवता येते आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. प्रश्न तिसरा, उपप्रश्न ब, तीन गुणांचे उत्तर बरोबर असताना एकच गुण दिला आहे, असे बोट ठेवून तो सांगू शकतो. श्रेणी आली की ही वाट बंद होईल, कारण ‘ब’ ही श्रेणी का मिळाली याची दाद मागायची तरी कशावरून? शहरातल्या पालकांना आकड्याचा जाच होत असेल, हे मी नाकारत नाही. मात्र त्यांच्या मुलांकडे शिकवणी, शिफारस आणि दुसरी संधी असते. आकड्यावाचून अडते ते आमचेच.

राइनकाठ

विद्यापीठीय बाजूचा अनुभव येथे मांडतो. २०१५च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने निवड-आधारित श्रेयांक पद्धतीबरोबर ओ, ए-प्लस, ए अशा क्रमाने उतरणारी दहा गुणांची श्रेणीपद्धत सुचवली. श्रेणी आल्या खऱ्या, पण कामावर घेणारे अजून ‘किमान ६० टक्के’ असेच लिहितात, त्यामुळे उलटा हिशेब करावाच लागतो. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्यानुसार दहापैकी ६.७५ श्रेणीगुण म्हणजे ६० टक्के आणि ८.२५ म्हणजे ७५ टक्के. सीबीएसईचे ९.५चे सूत्र लावले, तर ६.७५चे ६४ टक्क्यांच्या वर जातात.

जर्मनीत तर आणखी गंमत होते. येथे १ ही सर्वोत्तम श्रेणी आहे आणि ४ ही उत्तीर्णतेची शेवटची पायरी. परदेशी गुण बदलण्याचे बव्हेरियन सूत्र कमाल गुण आणि उत्तीर्णतेचे किमान गुण यांच्यावर चालते. शंभरपैकी ६० गुण आणि उत्तीर्णतेची मर्यादा ४० धरली, तर ३.० येतात. तोच विद्यार्थी दहापैकी ६.७५ आणि मर्यादा ४ अशा रूपात आला, तर जवळपास २.६ येतात. पुष्कळ पदव्युत्तर अभ्यासक्रमांची अट २.५ची असते, तेव्हा हा फरक किरकोळ म्हणता येणार नाही. मी श्रेणीच्या विरोधात नाही. पण ती उत्तीर्णतेच्या मर्यादेसह आणि देशभर एकाच कोष्टकाने दिली गेली पाहिजे. विद्यापीठागणिक सूत्र बदलत राहिले, तर हाल विद्यार्थ्यांचेच होतात.

सह्याद्रीपुत्र (धागाकर्ता)

माणदेशी यांच्या मुद्द्यावर माझे उत्तर असे आहे की उत्तरपत्रिकेवर गुण राहू द्यावेत, छायाप्रतही मिळावी. प्रवेशाच्या यादीसाठी मात्र श्रेणी वापरावी आणि समान श्रेणीच्या मुलांमध्ये घराजवळचे महाविद्यालय आधी द्यावे. गणितवाला यांना क्रम हवा आहे, पण वरच्या टोकाला तो क्रमही शेवटी संपतो. दिल्ली विद्यापीठात २०२१ साली काही अभ्यासक्रमांची पहिली कट-ऑफ १०० टक्क्यांवर गेली आणि पुढच्याच वर्षी प्रवेशासाठी सीयूईटी ही वेगळी परीक्षा आणावी लागली.

गणितवाला

म्हणजे तेथेही शेवटी गुण देणारी परीक्षाच आणावी लागली, श्रेणी नव्हे. घराजवळच्या महाविद्यालयाची कल्पना ऐकायला बरी वाटते. पण २०२५पासून अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश राज्यभर लागू झालेले असताना, पुण्यातील डेक्कनवरचा मुलगा आणि साताऱ्याच्या माण तालुक्यातला मुलगा एकाच श्रेणीत आले, तर आपल्या नियमाने नामांकित महाविद्यालय कोणाच्या वाट्याला जाईल, याचे उत्तर आपण आधी माणदेशी यांना द्यावे.

माणदेशी

उत्तर मला ठाऊक आहे, म्हणूनच माझा आग्रह आकड्यासाठी आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात विज्ञान शाखेला पूर्णवेळ शिक्षक मिळू द्यात. मग घराजवळच्या प्रवेशावर मी आनंदाने बोलेन.