ओल्या हातातून सुरी निसटते, मुठीला काय घेऊ?

कानस
छंद म्हणून सुऱ्या बनवतोय, दोन वर्षं झाली. आतापर्यंत अकरा. सगळ्या फुल टँग (म्हणजे पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत जातं), सगळ्यांना शिसमच्या मुठी. शेवटची सगळ्यांत देखणी झाली होती. ८०० नंबरच्या बारीक पॉलिश पेपरपर्यंत घासली, वर पॉलियुरेथेनचे तीन हात दिले. मुठीत तोंड दिसायचं! ती मेव्हण्याला दिली. मासे साफ करताना त्याचा हात पुढे सरकला आणि तर्जनीला तीन टाके पडले. तो काही बोलला नाही, पण सुरी स्वच्छ धुऊन, कागदात गुंडाळून परत आली.
आता शिसम सोडून जी-१० घ्यावं की मायकार्टा (दोन्ही रेझिनमध्ये दाबलेल्या कापडाची)? की सरळ रबर? दिसण्याचं राहू दे, पकड हवी.

भाता
शिसमला कशाला बोल लावता? मेव्हण्याचा हात लाकडाला लागलाच कुठे, तो प्लास्टिकच्या थरावरून घसरला. ते पॉलियुरेथेन खरवडून काढा, २२० वर थांबा आणि जवसाचं तेल चोळून जादाचं पुसून घ्या. (तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, पसरून वाळवा. बोळा आतल्या आत तापून पेट घेतो.)
मला खरी शंका आकाराची आहे. हात पुढे सरकला म्हणजे त्याला अडवायला तिथे काहीच नव्हतं. पात्याच्या टाचेपाशी मूठ खाली उतरते का? तर्जनीला खाच आहे का? आणि मूठ गोल आहे की लंबगोल? गोल असली की सुरी हातात फिरते. लंबगोल असेल तर धार कुठे आहे ते न बघता हाताला कळतं.

लाकूडतोड्या
भाता म्हणतात ते पटलं, तरी मी मायकार्टावाला. कॅनव्हासचंच घ्या. कापडाचे थर फिनॉलिक रेझिनमध्ये दाबून केलेलं असतं. चकचकीत पॉलिश केलंत तर तेही शिसमसारखंच निसटेल. २२०-३२० वर सोडलंत तर धाग्यांची वीण बोटाला लागते, आणि ओलं झालं की आणखी धरतं. लिननची वीण बारीक, म्हणून पकडही कमी.
जी-१० म्हणजे काचेच्या तंतूंचं कापड आणि एपॉक्सी. पाणी पीत नाही, फुगत नाही. पण मऊ घासलं तर साबणासारखं, म्हणून त्यावर खाचा कोराव्या लागतात. मी एकदा हौसेनं खोल आणि टोकदार कोरल्या. पकड अशी की सुरी हलेना, पण तासाभरात तळहात सोलून निघाला. शेवटी खाचांची टोकं पेपरने मोडली, तेव्हा ती हातात धरवली.
आणि घासताना कापडी मास्क चालणार नाही, धुळीसाठीचा फिल्टर लावलेला रेस्पिरेटरच हवा. शक्यतो ओलं घासा. पहिल्या वेळी माझी मनगटं रात्रभर खाजत होती. शिसमची धूळही काही जणांना सोसत नाही, तेव्हा मास्कची सवय आत्ताच लावा.

पत्रा
नायलॉनची दोरी गुंडाळली तर? स्वस्तात काम होईल.

भाता
माशांच्या सुरीला? नको. दोरी पाणी-रक्त सगळं पिते, चार दिवसांत वास मारेल. जपानी तलवारींना दोरी गुंडाळतात खरी, पण तिच्याखाली रे माशाची खरखरीत कातडी असते, म्हणून ती जागची हलत नाही. नुसत्या पोलादावर ती सरकणारच.

कानस
मूठ गोलच निघाली, पुढे खाचही नाही. म्हणजे चूक माझी. रविवारी पॉलिश काढलं, अर्धगोल कानशीने तर्जनीची जागा उतरवली, बाजू चपट्या केल्या, २२० वर थांबलो. मग पात्याला टेपचे पाच-सहा वेढे दिले, हाताला साबण चोळला आणि टोक फळीवर जोरात दाबलं. बोट खाचेत अडकून राहिलं. आधीची एक सुरी तशीच धरून बघितली, तर हात थेट टेपवर गेला.
पुढची मात्र कॅनव्हास मायकार्टाचीच करणार. एक विचारायचं राहिलं. बाजू उतरवताना, मूठ टँगला धरून ठेवणाऱ्या पिनांपैकी पुढच्या पिनेचं डोकं घासलं गेलं, आता तिच्याभोवती केसाएवढी फट दिसते. पातळ एपॉक्सी सोडून भागेल, की पिन काढून नवी ठोकू?

लाकूडतोड्या
नवी ठोका. त्या फटीत पाणी गेलं की टँग आतून गंजेल.