मराठीत बोललात तरी फोन रेकॉर्ड होतोच

"भावाशी मराठीतच बोलतो, तिथे कुणाला कळतंय" हे अमेरिकेत अटकेत असलेल्या भावाबद्दलचं तुझं वाक्य वाचून फार काळजी वाटली. तिथल्या काउंटी जेलमधले, म्हणजे स्थानिक तुरुंगातले, फोन रेकॉर्ड होतात आणि सरकारी वकील त्यांचं भाषांतर करून घेऊ शकतात. त्या रात्री काय झालं, हे त्याला फोनवर विचारूच नकोस. जेवलास का, झोप लागली का, एवढंच. बाकी सगळं वकिलापाशी.

तो व्हिसावर आहे ना? मग गुन्हा कबूल करण्याआधी इमिग्रेशनवर काय परिणाम होईल ते वकिलाला विचाराच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या पडिला निकालापासून हा सल्ला देणं बचावाच्या वकिलाचं कर्तव्य आहे. भारतीय वकिलातीला आपोआप कळवत नाहीत, त्याला तशी मागणी करावी लागते. आईला कधी सांगायचं, ते मात्र त्यालाच ठरवू दे.