सात वर्षांच्या मुलाचं घोरणं आणि बीपी: संबंध असतो का?

ओजसची_आई (मनीषनगर)
मुलगा दुसरीत आहे. वर्षभरापासून रोज घोरून राहिला, सर्दी असो की नसो. कूलरच्या आवाजातही ऐकू येतं. मग मधेच सगळं चूप. छाती आत ओढली जाते, पोट वर येतं, पण श्वास काही जात नाही. थोड्या वेळाने खर्रकन श्वास घेऊन कूस बदलतो. मान मागे टाकूनच झोपतो, उशी घामाने ओली. सासूबाई म्हणतात, आजोबांवर गेला, गाढ झोपतो. पण शाळेच्या तपासणीत बीपी ११८/७८ निघालं. टॉन्सिलही मोठे सांगितले. एवढ्याशा पोराला बीपी? घोरण्यामुळे का?

निवृत्त_सिस्टर (महाल)
ताई, संबंध आहे. मी लहान मुलांच्या वॉर्डात नोकरी केली, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तुम्ही जे 'चूप' होणं लिहिलं, तेच महत्त्वाचं. टॉन्सिल आणि नाकामागचे अ‍ॅडेनॉइड मोठे असले की झोपेत घसा सैल पडून वाट बंद होते. ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून शरीराला जागं करतो, नाडी आणि बीपी एकदम चढतं. पोराला सकाळी काही आठवत नाही, पण रात्रभर हेच चालतं. एरवी झोपेत बीपी दिवसापेक्षा १० टक्के किंवा जास्त उतरतं. या मुलांचं पुष्कळदा तेवढं उतरत नाही.

११८/७८ मोठ्या माणसाला चांगलं, सात वर्षांच्या मुलाला जास्त. तेरा वर्षांखाली वय, मुलगा-मुलगी आणि उंचीच्या तक्त्यावरून ठरवतात, आणि वेगवेगळ्या तीन भेटींत जास्त आलं तरच बीपी म्हणतात. मापताना कफ, म्हणजे दंडाला बांधायचा पट्टा, लहान मुलाचाच मागा. दंडाला लहान पडणारा कफ आकडा वाढवतो, मोठ्यांचा कफ कमी दाखवतो. पोराला पाच मिनिटं शांत बसवा. डॉक्टर लघवी आणि किडनीही तपासतील, त्याला नाही म्हणू नका.

नंदनवनचे_बाबा
आमच्या मुलीचे टॉन्सिल, अ‍ॅडेनॉइड दोन्ही काढले. घसा आठवडाभर दुखला, नुसता गार दहीभात खाल्ला. आता तोंड मिटून झोपते. सिस्टर, ऑपरेशनने बीपीही उतरतं का?

निवृत्त_सिस्टर (महाल)
भाऊ, काही मुलांचं उतरतं, सगळ्यांचं नाही. वजन जास्त असलं तर ते वेगळं सांभाळावं लागतं. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठाच्या लोकांनी मुलांना किशोरवयापर्यंत पाहिलं. ज्यांचा झोपेत श्वास अडण्याचा त्रास टिकून राहिला, त्यांच्यात उच्च रक्तदाबाची शक्यता जवळपास तिप्पट निघाली. ज्यांचा गेला, त्यांच्यात तशी वाढ दिसली नाही. हे २०२१ मध्ये छापून आलं. म्हणून मला वाटतं, 'मोठा झाला की जाईल' म्हणत वर्षं घालवू नयेत. पण घाईही नको. २०१३ च्या मोठ्या अभ्यासात असाच त्रास असलेल्या ५ ते ९ वर्षांच्या मुलांपैकी ऑपरेशन झालेल्या ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सात महिन्यांनी नॉर्मल आली, आणि नुसती वाट पाहिलेल्या ४६ टक्क्यांचीही. त्यामुळे आधी स्लीप स्टडीचं विचारा. रात्रभर तारा लावून झोपवतात, सुई टोचत नाहीत.

ओजसची_आई (मनीषनगर)
सिस्टर, कोणाकडे जाऊ आधी? इथे नागपुरात मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) जाऊ का?

निवृत्त_सिस्टर (महाल)
मेडिकल, मेयो (तोही सरकारी दवाखाना), दोन्हीकडे कान-नाक-घशाची आणि मुलांची ओपीडी आहे, धंतोली-रामदासपेठेत खाजगी डॉक्टरही आहेत. बीपीसाठी मुलांचे डॉक्टर, टॉन्सिलसाठी कान-नाक-घशाचे, दोघांनाही दाखवा. आज रात्री मोबाईलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा, शर्ट वर करून, छाती दिसेल असा. झोपेत कधी ओठ निळे दिसले तर मात्र ओपीडीची वाट पाहू नका, तेव्हाच कॅज्युअल्टीला न्या.