ट्रॉपिकाना पडलं तेव्हा टाळ्या वाजवणं तुम्हाला पटतं का?

हेंडरसनकर

९ ऑक्टोबर २०२४, रात्रीचे अडीच. लास व्हेगासच्या स्ट्रिपवरचं, म्हणजे कसिनोंच्या मोठ्या रस्त्यावरचं, ट्रॉपिकाना हॉटेल स्फोटकं लावून पाडलं, ते मी प्रत्यक्ष पाहिलं. नवरात्र चालू होतं. "घरी घट बसलेत आणि तुम्ही जुगाराचा अड्डा पडताना बघायला निघालात," एवढं ऐकून घेतलं आणि गेलो. लोकांना उभं राहून बघायला अधिकृत जागा ठेवलेली नव्हती, आजूबाजूचे रस्ते बंद. एका मित्राने जवळच्या हॉटेलात वरच्या मजल्यावर खोली घेतली होती. आम्ही अकरा जण, चिवडा आणि थर्मासभर चहा.

आधी आतषबाजी. ५५५ ड्रोनांनी आकाशात चित्रं काढली. मग धडाक्यांची माळ लागली आणि दोन्ही टॉवर खाली बसले. बावीस सेकंदांत खेळ खलास. आवाज कानात कमी, छातीत जास्त वाजतो. मी खिडकीच्या काचेला हात लावून उभा होतो, काच चांगली थरथरली. आजूबाजूच्या खोल्यांतून आरडाओरडा, शिट्ट्या, टाळ्या. मीही वाजवल्या.

घरी परतताना गाडीत मात्र स्वतःचीच लाज वाटायला लागली. २०११ साली मी या गावात आलो तेव्हा पहिले तीन आठवडे त्याच हॉटेलात होतो. नंतर आई-बाबा आले तेव्हा त्यांना मुद्दाम तिथे नेलं. जुगाराच्या टेबलांवर रंगीत काचांचं छत होतं. ते बघत आई मान वर करून इतका वेळ उभी राहिली की सुरक्षारक्षक येऊन विचारून गेला, बरं वाटतंय ना. बाबांनी एक डॉलरची चिप घेतली, खेळले काहीच नाहीत, खिशात टाकून घरी आणली.

हे हॉटेल ४ एप्रिल १९५७ ला उघडलं आणि २ एप्रिल २०२४ ला बंद झालं. सदुसष्ट वर्षं पुरी व्हायला दोन दिवस कमी. पाडू नये असं माझं म्हणणं नाही. पण रोषणाई करून? आपल्याकडे वाडा पाडताना कुणी ताशे लावत नाही. मतं सांगा.

बेरकी_नाना

हेंडरसनकर, लेख छान, पण गहिवर चुकीच्या ठिकाणी आलाय.

ट्रॉपिकाना उघडून महिनाही झाला नव्हता, तेव्हाची गोष्ट. २ मे १९५७ ला न्यूयॉर्कमध्ये फ्रँक कॉस्टेलो या माफिया बड्यावर त्याच्याच इमारतीत गोळी झाडली गेली. तो वाचला. पोलिसांना त्याच्या खिशात एक चिठ्ठी सापडली, तिच्यावर ६,५१,२८४ डॉलरचा आकडा. तो नेमका ट्रॉपिकानाच्या कसिनोच्या कमाईशी जुळला. म्हणजे बारशालाच कळलं की बाप कोण. पुढे सत्तरच्या दशकात कॅन्सस सिटीच्या टोळीने याच हॉटेलच्या मोजणीच्या खोलीतून, हिशोबात यायच्या आधीच, रोकड काढून न्यायची सोय केली होती. त्यात लोकांना शिक्षाही झाल्या.

दुसरं म्हणजे, तुम्ही जे पडताना पाहिलंत ते १९५७ चं नव्हतंच. मूळ हॉटेल तीन मजली होतं, तीनशे खोल्या. जे दोन टॉवर उडवले त्यातला एक १९७९ चा, दुसरा १९८६ चा. तुमच्या आईला आवडलेलं छतही १९७९ चं. ऐंशीच्या दशकातल्या कुठल्याही सरकारी वसाहतीएवढं वय, आणि तुम्ही सदुसष्ट वर्षांचं सुतक पाळताय.

हेंडरसनकर

नाना, माफियाचं ठाऊक आहे. इथे तर ते अभिमानाने सांगतात, त्याचं संग्रहालयसुद्धा आहे. पण चोरी मालकांनी केली. चादरी बदलणाऱ्या बाईने नाही.

मोदकप्रेमी

अवांतर: चिवडा पातळ पोह्यांचा की मक्याचा?

खडीवाला_पुणे

या धंद्यात बावीस वर्षं काढली आहेत (पाडकाम, तेही बहुतेक वेळा जेसीबी आणि ब्रेकरने), म्हणून थोडं लिहितो. टाळ्या इमारतीच्या मरणाला असतात असं मला वाटत नाही. त्या कामाला असतात.

लोकांना वाटतं सुरुंग इमारत उडवतो. नाही. इमारत तिच्या स्वतःच्या वजनाने पडते, आपण फक्त पाय काढून घेतो. आधी आतलं सगळं सोलून काढायचं: काचा, दारं, वायरी, अ‍ॅस्बेस्टॉस असेल तर ते सगळ्यात आधी. मधल्या भिंती काढायच्या. मग कॉलमला छिद्रं पाडून दारू भरायची आणि वरून जाळी नि जाड कापड गुंडाळायचं, म्हणजे तुकडे उडत नाहीत. सगळी कला पुढे आहे. कुठला कॉलम कुठल्या क्षणी जाणार याचं वेळापत्रक असतं, मिलिसेकंदांचं. मधले आधी गेले की कडेचे आत ओढले जातात. म्हणून इमारत रस्त्यावर न पडता स्वतःच्या पायावर बसते. ट्रॉपिकानाला साधारण हजार किलो स्फोटकं लागली. २०२२ मध्ये नोएडाचे जुळे टॉवर पडले तेव्हा ३,७०० किलो आणि नऊ हजारांहून जास्त छिद्रं होती. ते काम आपल्या मुंबईच्या एडिफिसने दक्षिण आफ्रिकेच्या जेट डिमॉलिशनबरोबर केलं.

आणि गणित थोडं हुकलं तर काय होतं ते पुणेकरांना सांगायला नको. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला, रात्री एक वाजता, चांदणी चौकातला पूल. सहाशे किलो दारू. धूर झाला, धडाका झाला, धूर विरला आणि पूल बराचसा तिथेच! काँक्रीट फुटलं, पण आतल्या सळ्यांनी धरून ठेवलं. बाकीचं काम यंत्रांनी केलं. टीव्हीवर बघताना घरचे हसत होते. मी नाही हसलो. आत सळई किती घातली आहे ते जुन्या कामात फोडल्याशिवाय कळत नाही.

बेरकी_नाना

खडीवाले, कोथरूडहून पूल बघायला आम्हीही निघालो होतो, पोलिसांनी वारज्याच्या अलीकडेच परत पाठवलं. म्हणजे हेंडरसनकर, ताशे नव्हते पण गर्दी होतीच. आपण काही वेगळे नाही.

सई_मेलबर्न

कामाला टाळ्या हे ऐकायला बरं वाटतं. इथे ऑस्ट्रेलियात मात्र हा विषय निघाला की कॅनबेराचं नाव येतंच.

१३ जुलै १९९७, रविवार. तळ्याकाठचं जुनं रॉयल कॅनबेरा हॉस्पिटल स्फोटाने पाडायचं ठरलं. सरकारनेच त्याचा सोहळा केला, सहकुटुंब या म्हणून. लाखाच्या वर लोक जमले. खडीवाले म्हणतात तसे तुकडे आत राहिले नाहीत. पोलादाचा एक तुकडा तळं ओलांडून आला आणि पलीकडे घरच्यांबरोबर उभ्या असलेल्या बारा वर्षांच्या मुलीला लागला. ती जागीच गेली. आणि इमारतही धड पडली नव्हती.

सुरक्षित अंतर हे तांत्रिक काम आहे. पण सोहळा ठरला की लोक जवळ हवे असतात, त्यांना नीट दिसायला हवं असतं. तिथेच गडबड होते. तेव्हा व्हेगासने रस्ते बंद केले आणि लोकांसाठी जागा ठेवली नाही, हे मला त्या रात्रीतलं सगळ्यात शहाणपणाचं काम वाटतं.

खडीवाला_पुणे

सईताई, मान्य. कॅनबेरा आमच्या लोकांना पाठ असायला हवं.

जर्सीची_माई

मी न्यू जर्सीत राहते. अटलांटिक सिटीतलं ट्रम्प प्लाझा १७ फेब्रुवारी २०२१ ला पाडलं, तेव्हा आम्ही दोघं पहाटे निघून गेलो होतो. जुन्या विमानतळाच्या मोकळ्या मैदानावर गाडीमागे दहा डॉलर घेऊन बघायची सोय होती. थंडी मरणाची. गाडीत बसून, काच किंचित खाली करून बघितलं. वीसेक सेकंद.

मी टाळ्या वाजवल्या आणि मला अजिबात लाज वाटली नाही. १९८४ ला उघडलेलं ते हॉटेल २०१४ पासून बंद पडून होतं. समुद्रकाठच्या लाकडी रस्त्यावर, ऐन मोक्याच्या जागी, भुताटकीसारखं. वादळात त्याच्या भिंतीचे तुकडे खाली यायला लागले होते. गावातल्या लोकांच्या डोळ्यांत तो सहा वर्षांहून जास्त खुपणारा कचरा होता. वाडा पडताना रडतात ते त्यात राहिलेले लोक. ज्याच्या अंगणात वाड्याची पडकी भिंत येते त्याला विचारा.

एक गंमत. स्फोटाचं बटण कोण दाबणार याचा लिलाव काढला होता, पैसे तिथल्या मुलांच्या क्लबला मिळणार होते. इमारतीचे मालक कार्ल आयकान. त्यांच्या कंपनीने धोक्याचं काम आहे म्हणून लिलाव थांबवायला लावला, आणि मग आयकाननी स्वतःच १,७५,००० डॉलर दिले. आमचे हे अजून म्हणतात, बटण मिळालं असतं तर आपण घर गहाण टाकलं असतं.

मोदकप्रेमी

माई, +१. बटणासाठी मीही वर्गणी काढली असती.

पणजीकर

आमच्याकडे हा प्रश्न येणारच नाही. गोव्यात टेबलावरचा खरा जुगार फक्त पाण्यावर. जमिनीवर, तोही पंचतारांकित हॉटेलात, नुसत्या यंत्रांचा. मांडवीतली जहाजं हलवणार म्हणून प्रत्येक सरकार सांगतं आणि मुदतवाढ देतं. पाडायला इमारत नाही, फक्त नांगर उचलायचा आहे, तर तोच उचलत नाही. स्फोटाची हौस सोडा, आम्हाला दोरी सुटलेली बघायला मिळाली तरी मी पणजी जेटीवर ताशे लावीन.

शंकासुर_नाशिक

सगळे भावनेवर बोलताय. पैशावर कोणी बोलेल का? ही करमणूक फुकट नसते, ती जाहिरात असते.

१९९३ ला पाडलेलं व्हेगासचंच ड्यून्स घ्या. कसिनोवाल्या स्टीव्ह विनने ते जुनं हॉटेल पाडायचा दिवस कुठला निवडला? २७ ऑक्टोबर. त्याच दिवशी त्याचं नवं ट्रेझर आयलंड उघडत होतं. नव्या हॉटेलसमोरच्या खोट्या जहाजातून खोटी तोफ डागली आणि ड्यून्स पडलं. दोन लाख माणसं बघायला. त्या जागेवर १९९८ मध्ये बेलाजिओ उभं राहिलं. हॅसिएंडा तर १९९६ च्या ३१ डिसेंबरला रात्री नऊला पाडलं, कारण तेव्हा न्यूयॉर्कमध्ये बारा वाजतात आणि टीव्हीवर नववर्ष लागतं. हा अंत्यविधी नाही, ही नव्या दुकानाची फीत कापणं आहे.

ट्रॉपिकानाच्या जागी काय येतंय? ओकलंड सोडून निघालेल्या अ‍ॅथलेटिक्स संघाचं बेसबॉलचं मैदान, ३३,००० प्रेक्षकांचं. त्याला नेवाडा राज्य आणि तिथली काउंटी मिळून ३८ कोटी डॉलरपर्यंत सार्वजनिक पैसा देणार. तिथल्या शिक्षकांची संघटना म्हणाली, आधी शाळांचं बघा. हेंडरसनकर, तुमच्या ५५५ ड्रोनांनी त्यातलं काही लिहिलं का आकाशात?

हेंडरसनकर

नाही लिहिलं. पण शंकासुर, मैदान नको म्हणून तरी जुनं हॉटेल ठेवायचं का? मला दोन्ही वेगळे प्रश्न वाटतात.

शंकासुर_नाशिक

वेगळे वाटावेत म्हणूनच तर आतषबाजी असते.

बेरकी_नाना

हे वाक्य मला आधी का सुचलं नाही.

फ्रंटडेस्क

उशिरा लिहितेय, रात्रपाळी होती. मी मुंबईत आणि नंतर दुबईत मिळून सोळा वर्षं हॉटेलांत काम करतेय. काम करत असलेलं एक हॉटेल माझ्यादेखत बंद झालं आहे. (नाव विचारू नका.)

धागाकर्त्यांनी लिहिलेल्या दोन तारखांकडे परत बघा. हॉटेल बंद झालं २ एप्रिलला. पडलं ९ ऑक्टोबरला. मधले सहा महिने. तुम्हाला वाईट वाटतंय ते ऑक्टोबरचं. काम करणाऱ्यांसाठी ऑक्टोबरमध्ये काहीच घडलं नाही.

हॉटेल बंद होतं म्हणजे काय होतं सांगते. शेवटचा पाहुणा दुपारी चेकआउट करतो. त्याला आपण सवयीने "पुन्हा या" म्हणतो, आणि मग दोघेही गप्प होतो. दुसऱ्या दिवशी गणवेश जमा. लॉकरची किल्ली जमा. आमच्याकडे टॉवेल मोजून घेतले होते, कारण ते विकायचे होते. रिसेप्शनच्या मागच्या भिंतीवर पाच शहरांची घड्याळं होती, लंडनचं आधीच कुणीतरी काढून नेलेलं. हॉटेलचा मुख्य दरवाजा कधी बंद होतच नाही, त्यामुळे त्याला कुलूप कुठलं लावायचं हेच माहीत नव्हतं. शेवटी साखळी आणली.

हे बघायला कोणी खोली बुक करून येत नाही. आमच्या मुलांमध्ये दोघं-तिघं रडली, बाकीचे फोनवर पुढची नोकरी शोधत होते. इमारत नंतर पाडली म्हणे. मी गेले नाही. वेळ होता, पण जावंसं वाटलं नाही. विटांशी माझं काही भांडण नव्हतं.

म्हणून हेंडरसनकर, टाळ्या वाजवल्यात त्याचं वाईट वाटून घेऊ नका. २ एप्रिलला तुम्ही कुठे होतात, एवढंच विचारते. टोमणा नाही.

जर्सीची_माई

फ्रंटडेस्क, मी लिहिलेलं परत वाचलं. "कचरा" शब्द मागे घेत नाही, पण तिथे काम करणाऱ्या कुणाला विचारावं असं मला सुचलं नव्हतं, हे खरं.

खडीवाला_पुणे

आम्ही रिकाम्या खोल्यांत जातो तेव्हा कधी कधी कॅलेंडर तसंच टांगलेलं असतं. पहिल्या दिवशी काढून बाजूला ठेवतो. कारण काही नाही.

हेंडरसनकर

फ्रंटडेस्क, २ एप्रिलला मी ऑफिसात होतो. बातमी वाचली होती. हॉटेल घरापासून वीस मिनिटांवर, जेवणाच्या सुट्टीत जाऊन आलो असतो. डोक्यातही आलं नाही. ऑक्टोबरच्या रात्रीसाठी मात्र दोन आठवडे आधीपासून मेसेज चालू होते, कोण चहा आणणार, कोण कॅमेरा.

खोल्या आवरणाऱ्या त्या बाईचं नाव मला कधीच माहीत नव्हतं. इकडे लिहिताना मी "चादरी बदलणारी बाई" असं तिचं नाव पुढे करून नानांशी भांडलो, ते आता नीट वाटत नाही.

मोदकप्रेमी

ती बाबांची एक डॉलरची चिप आहे का अजून? आता तिचे जास्त येतील. जमवणारे लोक असतात.

हेंडरसनकर

आहे. कसिनो बंद झाला की ठरावीक मुदतीत चिपा वटवून घ्यायच्या असतात, ती मी घालवली. आमच्या कॅरमचा स्ट्रायकर मागच्या वर्षी हरवला, तेव्हापासून पोरं तीच वापरतात. वजनाला हलकी आहे, काळी-पांढरी नीट फुटत नाही.

आणि चिवडा पातळ पोह्यांचा होता.