शॅलॉटच्या आरशात काय दिसतं: सावल्या, छाया की प्रतिबिंबं?

माजघर: इंग्रज कवी टेनिसनच्या ‘द लेडी ऑफ शॅलॉट’ या कवितेचा अनुवाद करतेय, १८४२ची सुधारलेली आवृत्ती घेऊन. दुसऱ्या भागाच्या शेवटी अडलेय. शॅलॉट या नदीतल्या बेटावर, चार करड्या भिंतींआड ही लेडी एकटी विणत बसलेली. कॅमलॉटकडे, म्हणजे राजा आर्थरच्या नगरीकडे, नुसतं पाहिलं तरी शाप. त्यामुळे रस्ता, लाल झगे घातलेल्या बाजारच्या मुली, घोडेस्वार, सगळं आरशातच. मग चांदण्यात एक नवपरिणीत जोडपं दिसतं आणि ती म्हणते, या ‘शॅडोज’ना मी विटत आलेय. मी ‘सावल्यांना’ लिहिलं. आईनं विचारलं, “सावलीला कोण विटतं गं?”

चौकस: आईंचं बरोबर आहे. झाडाची सावली, मायेची सावली. आपल्या उन्हात हा शब्द आसऱ्याचाच. ‘प्रतिबिंबं’ घ्या.

जुनी वही: प्रतिबिंबं नको, प्रकाशाच्या धड्यातला शब्द वाटतो. संस्कृतात ‘छाया’ म्हणजे सावलीही आणि प्रतिबिंबही. कवीला दोन्ही हवंय, मग हातचा शब्द का सोडायचा?

माजघर: पण बोलताना छाया कोण म्हणतं? कवितेत तिच्या तोंडी दोनच वाक्यं आहेत: हे, आणि आरसा तडकल्यावर शाप ओढवल्याचं. एवढं एकटं माणूस पहिल्यांदा बोलतंय, ते पुस्तकी नको.

काठपदर: आरसा नुसता जादूचा नाही हो. युरोपात उभ्या मागावर टॅपिस्ट्री, म्हणजे विणूनच चित्र काढलेलं कापड, विणणारा कापडाच्या उलट बाजूला बसतो. सुलट बाजू दिसावी म्हणून समोर आरसा. पैठणी त्याच जातीचं विणकाम, पण दोन्ही बाजूंनी सारखी. म्हणजे या बाईला स्वतःचं कामसुद्धा आरशातच दिसणार! आणि ताई, ‘वेब’चं ‘जाळं’ केलं नाहीत ना?

माजघर: केलंय.

काठपदर: बदला. माझे आजोबा मागावर बसायचे. मागावरून उतरतं ते कापड. जाळं कोळ्याचं.

जुनी वही: पण जाळ्यात तिचं अडकणं येतं. कापडात काय येतं?

काठपदर: तिचे दिवस येतात. रात्रंदिवस विणलेलं ते शेवटी मागावरून उडून पसरतं. जाळं कसं पसरेल असं?

माजघर: ‘पट’ चालेल?

जुनी वही: चालेल. पटात चित्रही आलं.

चौकस: पट म्हटलं की मला आधी सोंगट्या दिसतात.

काठपदर: मग ‘शेला’?

जुनी वही: शेला अंगावर घ्यायचा असतो. तिनं विणलेलं कोणी पांघरतं का?